लिडियाबाईंची हिकरीची छडी

"फळ्यावर फिरव, माणसावर उगारू नकोस."

लिडियाबाईंच्या वडिलांनी मला लेकीच्या हातात दिलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले होते. मित्रांनो, मी एक जुनी छडी आहे. हिकरीच्या लाकडाची. आमच्या ओहायोत कुऱ्हाडीचे दांडे याच लाकडाचे करतात. मीही दांडाच व्हायची, पण म्हाताऱ्यांनी मला तासून बारीक केलं, काचेच्या तुकड्यानं खरवडलं आणि जवसाचं तेल पाजलं. ते शांततेचं व्रत घेतलेल्या पंथाचे. लढाईला जाणं नाही, शपथ घेणं नाही, हात उगारणं नाही. लेक टेकडीवरच्या छोट्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवू लागली, त्याची मी भेट.

अर्थशास्त्राचा विभाग म्हणजे लिडियाबाई, एक फळा, अकरा मुलं आणि मी. तिथे अर्थशास्त्र शिकणाऱ्यालाही कविता, बायबल आणि आकाशातले तारे चुकत नसत. तासाआधी सगळे दोन मिनिटं मौन पाळत. मग बाई मला उचलत. मागणीची रेघ खाली उतरे, पुरवठ्याची वर चढे. दोघी भेटत तिथे माझं टोक टेकवून बाई विचारत, "इथं कोण आहे?"

"किंमत!" मुलं ओरडत.

"अरे, किंमत कुठली? इथं कुणीतरी माणूस उभा आहे. नीट बघा."

ते माझे सुखाचे दिवस. सगळ्या वर्गाचे डोळे माझ्या टोकाला बांधलेले असत.

वेंडेल प्रुइट हा बाईंचा सर्वांत हुशार विद्यार्थी. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक प्रबंध लिहावा लागे. वेंडेलनं विषय घेतला तो असा: मजुरी कुठपर्यंत उतरली तरी मजूर कामावर येत राहील? टेकडीखाली टूलीसाहेबांचा मातीचे नळ भाजायचा कारखाना होता. तिथल्या मजुरांची चाळीस दारं तो फिरला. पहिलं दार ओटिस क्रॅनमरचं. ओटिस भट्टीवर कामाला होता. त्याच्या बायकोनं, मेबलनं, वेंडेलला घेवड्याचं सूप आणि मक्याचा पाव वाढला. हे सारं वेंडेलनंच वर्गात रंगवून सांगितलं.

"ओटिस, अगदी खरं सांगा हं."

"खरं सांगू? आज दिवसाला तीन डॉलर मिळतात. दोनवरही येईन रे बाबा. मंदीत जाणार कुठं? पण हे टूलीसाहेबाच्या कानावर घालू नकोस. उद्याच दोन करील मेला!"

"छे, मी नाही सांगणार."

सूप पिता पिता सगळे हसले होते म्हणे.

आणि वेंडेलनं खरंच सांगितलं नाही. त्यानं लिहिलं. नाव कुणाचंच घातलं नाही, आकडा मात्र घातला. आमच्याकडे प्रबंध बांधून वाचनालयात उघड्या फळीवर ठेवायची रीत होती. ज्ञानाला कुलूप नसावं, असं सगळे अभिमानानं म्हणत. टूलीसाहेब विद्यापीठाचे विश्वस्तही होते. बैठकीला आले, बैठक उशिरा सुरू होणार होती, म्हणून फळीवरून एक प्रबंध काढून चाळत बसले. पुढच्या सोमवारी कारखान्याच्या दारावर कागद लागला. मजुरी दोन डॉलर.

संप झाला. टूलींनी भाड्याचे पहारेकरी आणले. आमच्या खिडकीतून कारखान्याचं फाटक सरळ दिसे. मित्रांनो, मी जे पाहिलं ते सांगताना आजही माझ्या अंगातली चीर दुखते. पहारेकऱ्यांच्या हातातले दांडके हिकरीचेच होते, माझ्याच जातीचे. ते डोक्यांवर पडले, कोपरांवर पडले, आडव्या आलेल्या बायकांच्या तोंडावर पडले. मजुरांकडूनही विटा सुटल्या. एका पहारेकऱ्याचा जबडा लोंबू लागला. ओटिसचा धाकटा भाऊ लायल गुडघ्यांवर बसला, दोन्ही हात वर केले. तरी चौघं त्याला मारतच राहिले. हात खाली आले, तरीही. तो पुन्हा उठला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात मौन चालू होतं. दार लाथेनं उघडलं. ओटिस आत आला. अंगावर कालचाच रक्ताळलेला सदरा.

"भावा, बस," बाई हळूच म्हणाल्या.

"बसायला नाही आलो बाई. माझ्या घरी जेवलेला तो पोरगा हवाय मला."

त्यानं वेंडेलची गचांडी धरली आणि त्याला फळ्यावर आपटलं. खडूचा धुरळा उडाला.

"सांगू नकोस म्हटलं होतं ना तुला?"

"मी... मी सांगितलं नाही! लिहिलं फक्त!"

ओटिसची मूठ त्याच्या नाकावर बसली. हाड मोडल्याचा आवाज झाला. "लायल मेला! ऐकतोस? ते लिही आता!" दोन्ही अंगठे वेंडेलच्या गळ्यात रुतले. वेंडेलचे डोळे पांढरे झाले. त्याचा हात फळ्याच्या कडेवर चाचपडत आला आणि त्याला मी सापडले.

मारणं मी शिकले नव्हते. पण लाकडाला हाताचंच ऐकावं लागतं. पहिला फटका ओटिसच्या कानावर बसला. दुसरा डोळ्यावर. काहीतरी मऊ माझ्या टोकाखाली फुटलं. ओटिस गळा सोडून खाली कोसळला, तरी वेंडेलनं मला तिसऱ्यांदा उगारलं. मध्ये बाईंनी हात घातला. त्यांचं मनगट मोडलं आणि मला उभी चीर गेली.

"पुरे," बाई म्हणाल्या. ओरडल्या नाहीत.

ओटिसचा डोळा गेला. दोन दिवसांनी, हात गळ्यात बांधलेल्या बाईंनी वेंडेलला बोलावलं. मला त्यांनी पुसलं नव्हतं.

"ही घेऊन ओटिसकडं जा. त्याच्या हातात दे. तो म्हणेल ते ऐक."

"मारील तो मला."

"मारीलही."

"जाईन बाई. शपथ..."

"आपल्यात शपथ नसते. जाईन म्हणालास, पुष्कळ झालं."

वेंडेल त्याच दुपारच्या गाडीनं शहरात पळून गेला. बाईंनी मला कपाटात ठेवलं. अकरा वर्षं मी तिथे पडून होते. उंदरानं माझी मूठ कुरतडली, कुंभारमाशीनं चिरेत मातीचं घर केलं. बाहेर बाईंचा खडू डाव्या हातानं चालल्याचा आवाज येई. "इथं कोण आहे?" त्या अजून विचारत. या हिवाळ्यात तोही आवाज थांबला.

त्यांच्या जागी नवे मास्तर आले. वाकडं नाक, कानांवर अकाली पिकलेले केस. कपाट उघडून ते माझ्याकडे किती तरी वेळ बघत राहिले. मग मला उचलून वर्गात नेलं, पण फळ्याला लावलं नाही. पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, हिचं टोक कशानं काळं पडलंय हो?"

वेंडेल म्हणाला, "माझ्यानं."

मित्रांनो, मला तेल लावा, जपून ठेवा, असं मी म्हणणार नाही. मी काय, लाकूड आहे. पण कुणाच्या घरी जेवता जेवता त्यानं विश्वासानं दिलेलं उत्तर जपा. ते उघड्या फळीवर ठेवण्याआधी, ते कुणाच्या हाती पडेल याचा विचार करा. आणि हातात सरळ, गुळगुळीत काही आलं, की आधी स्वतःच्या हाताकडे बघा.

दुपारचा तास संपला. वेंडेलनं टोपी घातली, मला दोन्ही हातांवर आडवं धरलं, कशात गुंडाळलं नाही. ओटिस आजही त्याच घरात राहतो, दुपारी ओसरीवर बसतो आणि चांगला डोळा रस्त्याकडे ठेवतो, असं विद्यापीठाच्या फाटकावरच्या शिपायानं सांगितलं. टेकडी उतरताना वेंडेलची पावलं दोनदा थांबली. दोन्ही वेळा मला वाटलं, आता हा मागं वळणार. वळला नाही.