मनोगत व्यक्त केले

कार्यक्रम पाचचा होता आणि धम्मरत्नने तो साडेतीनलाच आटोपून टाकला. पुसदच्या बसस्टँडमागे त्याचं टायपिंगचं दुकान. तिथे बसूनच त्याने पुस्तकाचं प्रकाशन उरकलं, अध्यक्षांचं भाषण करवलं, सभागृह खचाखच भरवलं आणि शेवटी आभारही मानले. मधे एक ओळ टाकली, ‘लेखिका सत्यभामा इंगोले यांनी मनोगत व्यक्त करताना मान्यवरांचे ऋण मान्य केले.’ मग बातमी जिल्ह्याच्या पानासाठी पाठवून दिली आणि चहा सांगितला.

यात त्याला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. बावीस वर्षं तो तालुक्यातल्या भाषणांच्या, प्रकाशनांच्या, पत्रकार परिषदांच्या बातम्या देत होता. पान सहाला लागायचं, आणि सहापर्यंत आपल्याकडचा कार्यक्रम दीपप्रज्वलनालाही पोचत नाही. मग बातमी आधी नाही लिहायची तर काय डोंबल करायचं? आणि बरं, त्यात चुकायचं तरी काय? अभ्यासक चिंता व्यक्त करतो, पुढारी आवाहन करतो, साहित्यिक भावुक होतो. पत्रकार परिषदेत तर पोह्यांच्या प्लेटीबरोबर छापील कागदच हातात पडतो. इतक्या वर्षांत एकाही वक्त्याने त्याला तोंडघशी पाडलं नव्हतं.

सत्यभामाबाई सरकारी उपकेंद्रात नर्स होत्या. एकतीस वर्षं त्यांनी आडगावांतली बाळंतपणं केली, निवृत्तीनंतर ते सगळं वहीत उतरवलं आणि त्या वहीचं पुस्तक झालं. प्रकाशकाने पुस्तकातली सगळी नावं मात्र बदलायला लावली. म्हणून त्यांनी चार मिनिटांचं भाषण लिहिलं होतं. महिनाभर घोकलं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी, आडवं आलेलं मूल कसं फिरवायचं हे त्यांना कुठल्या ट्रेनिंगने नव्हे, तांड्यावरच्या मोतीबाई राठोड या सुईणीने शिकवलं, एवढंच त्यात होतं. मोतीबाईचं नाव आजवर ना कुठल्या रजिस्टरात लागलं, ना कुठल्या सत्कारात. ते एकदा भरसभेत घ्यायचं, आणि ते तिने स्वतःच्या कानांनी ऐकावं, म्हणून बाईंनी ऑटो पाठवून तिला आणवलं आणि तिसऱ्या रांगेत बसवलं.

कार्यक्रम साडेसहाला सुरू झाला. धम्मरत्न फोटोपुरता थांबला आणि निघाला. अध्यक्षांना लवकर निघायचं होतं म्हणून ते आधी उठले; पुस्तक त्यांनी उघडलंही नव्हतं, त्यामुळे चालू घडामोडींवर बोलले. अमेरिका झाली, सोयाबीन झालं, मोबाईलने वाया गेलेली तरुण पिढी झाली. तासभर झालं तरी गाडी पुस्तकाकडे वळेना. पाहुण्यांना मग अध्यक्षांपेक्षा कमी बोलून कसं चालेल? तोवर ऑटोवाल्याची चुळबुळ सुरू झाली आणि मोतीबाईला उठावं लागलं. त्यानंतर थोड्याच वेळात सभागृहाच्या माणसाने मागच्या खुर्च्या रचायला घेतल्या. सूत्रसंचालकाने घड्याळ पाहिलं, वेळेअभावी मनोगत होणार नाही म्हणून दिलगिरी व्यक्त केली आणि राष्ट्रगीत घेतलं. बाईंचा कागद पर्समध्येच राहिला.

तिसऱ्या दिवशी सत्यभामाबाई दुकानात आल्या. भांडायला आल्या असत्या तर धम्मरत्नने निभावून नेलं असतं, पण त्या स्टुलावर बसल्या. मग हळूहळू सांगू लागल्या. मोतीबाईच्या नातसुनेने तिला पेपर वाचून दाखवला. बाई बोलल्या, असं त्यात होतं. मान्यवरांचं ऋण मानलं, असंही होतं. मोतीबाईने सगळं ऐकून घेतलं, आणखी एकदा वाचायला सांगितलं आणि पेपर बाजूला ठेवायला लावला. नातसुनेनेच हे बाईंना कळवलं होतं.

“मी बोललीच नाही तिथं, धम्मरत्नभाऊ,” बाई म्हणाल्या. “अन् तिले वाटून राह्यलं, मी समद्यायचे नावं घेतले अन् तिलेच इसरली.”

धम्मरत्नने खुलासा छापून आणतो म्हटलं. म्हणता म्हणताच त्याला कळलं, अमुक बाई बोलल्या नाहीत अशी बातमी कुठलाही पेपर लावत नाही. बाईंनाही खुलासा नको होता. त्यांचं म्हणणं एकच, तुम्ही माझ्यासंग तांड्यावर चला आणि बातमी आधीच लिहून दिली होती, असं तिला तुमच्या तोंडाने सांगा. त्याला लाज वाटली. पण नाही म्हणायला तोंडच नव्हतं. त्याने शटर ओढलं आणि मोटारसायकल काढली.

मोतीबाई अंगणात तूर पाखडत होती. बाईंना पाहून तिचा चेहरा फुलला. तिने बाज टाकायला लावली, पाणी मागवलं, गुडघे कसे आहेत ते विचारलं. पेपरचा विषयही काढला नाही. शेवटी धम्मरत्ननेच घसा साफ केला. तांड्यात सगळे तिला याडी, म्हणजे आई, म्हणत. तोही तेच म्हणाला.

“याडी, सिस्टर बोलल्याच नाही त्या दिवशी. ते म्याच दुकानात बसून लिवलं होतं, कार्यक्रमाच्या आधी.”

मोतीबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, उलट थोडी कीवच होती.

“पेपरात खोटं कायले येईन, बापू?” ती म्हणाली. मग बाईंकडे वळली. “जाऊ दे वं बाई. येवढ्या गर्दीत राह्यते एखांदं नाव. म्या का राग धरला?”

आपलं लिहिलेलं इतकं खरं मानणारं माणूस धम्मरत्नला आजवर भेटलं नव्हतं. भेटलं ते हे, आणि त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

सत्यभामाबाईंनी पर्समधून कागद काढला आणि उभ्या राहिल्या. सभेत बोलतात तशा, पदर नीट करून, त्यांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मोतीबाईचं नाव त्यात चारदा होतं. चारही वेळा त्या ते सावकाश, आडनावासकट म्हणाल्या. मोतीबाई सूप मांडीवर घेऊन ऐकत राहिली. वाचून झाल्यावर तिने सूप खाली ठेवलं.

“चांगलं लिवलं वं,” ती म्हणाली. “आत्ता येता येता लिवलं का?”

धम्मरत्न काही बोलणार तोच बाईंनी त्याला हाताने थांबवलं. कागदाची घडी केली.

“हो याडी,” त्या म्हणाल्या. “आत्ताच लिवलं.”

मोतीबाईने मान हलवली आणि नातसुनेला चहा ठेवायला सांगितलं.