तांब्याची तार

माघ उतरणीला लागला होता. तासगावपलीकडची माळरानं पहाटेचं धुकं झटकून उन्हाला पाठ देऊन बसली होती, आणि द्राक्षबागांच्या मांडवांतून प्रकाश गाळून गाळून खाली उतरत होता. आधी हिरवा, मग पोपटी, मग पिकल्या मण्यांच्या पोटातला तो पारदर्शी, मधुवर्ण पिवळा. वाऱ्याला गोड वास होता. गोड, आणि तळाशी किंचित आंबलेला.

जिथे बागा संपून घरं सुरू होतात, तिथे पोतदार सरांचं घर होतं. घराला टेकून पत्र्याची शेड होती. आणि शेडमध्ये, जुन्या चादरीखाली, एक स्कूटर उभी होती. धूलिधूसर, गंजजर्जर, मौनमग्न. एकवीस वर्षं उभी होती.

एकवीस वर्षांत तिच्या चाकांतली हवा गेली, सीटचं रेक्झिन उंदरांनी नेलं, हेडलाइटच्या वाटीत कोळ्यांच्या पिढ्या नांदल्या. हँडल तेवढं डावीकडे वळलेलं होतं, ते तसंच राहिलं. शेवटच्या क्षणी जेवढं वळवलं होतं, तेवढंच. कुणी ते सरळ केलं नाही.

भालचंद्र पोतदारांनी चौतीस वर्षं गावच्या शाळेत चित्रकला शिकवली. निळ्यात पिवळा किती घातला की आंब्याच्या पानाचा हिरवा होतो आणि किती घातला की शेवाळाचा, हे त्यांनी हजारभर मुलांच्या बोटांना शिकवलं. दिवाळीत ते निवृत्त झाले. नंतरचे दिवस लांबच लांब होते, कोरे होते, आणि त्या कोरेपणावर काय काढावं हे सरांना सुचत नव्हतं.

मग एका सकाळी दारात भंगारवाला आला. शेडमध्ये डोकावून म्हणाला, "द्या की सर ती गाडी. उगं जागा अडवून बसलीया. पार्ट सुटं करून इकतो."

पार्ट सुटे करून. ते शब्द कानावर पडताच सर शेडच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले.

"नाही," ते घाईनं म्हणाले. "ती मी दुरुस्त करणार आहे."

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. पायरीवर तांदूळ निवडत बसलेल्या मंदाकिनीबाईंनी मान वर केली. त्या म्हणाल्या, "करा. हाताला काम मिळेल."

मंदाकिनी. कधी काळी हे नाव मैदानावर धावत असे. त्याच शाळेत त्या मुलींना खो-खो शिकवायच्या. पदर खोचून खांबाला असा वळसा घालायच्या की बाई पुढे निघून जायच्या आणि धूळ मागाहून उठायची. तीन वर्षं ओळीनं त्यांच्या मुली जिल्ह्याला गेल्या. चपलचरणा, पवनगती, हसता हसता मैदान कवेत घेणारी ती बाई; आणि उजवा गुडघा न वाकणारी, काठी टेकत, एक पाऊल टाकून दुसरं ओढत नेणारी ही बाई. या दोघींच्या मध्ये एक गुरुवार होता.

त्या गुरुवारी तालुक्याला सामने होते. मुली सकाळच्या एसटीनं पुढे गेल्या होत्या आणि बाईंना निघायला उशीर झाला होता. स्कूटरवर सरांच्या मागं बसून त्या सारख्या घड्याळ बघत होत्या. "जरा जोरात चला ना," त्या म्हणाल्या, "मुली वाट बघतायत." ओढ्याच्या उतारावर स्कूटर पुलाच्या कठड्यावर जाऊन आदळली. सरांच्या कपाळाला चार टाके पडले. बाईंचा गुडघा चुरला. तीन ऑपरेशनं झाली, एक वर्ष गेलं, आणि बाई परत शाळेत आल्या त्या थेट ग्रंथालयात. तिथल्या खिडकीतून मैदान दिसायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी शिपायाला सांगून टेबल फिरवून घेतलं. खिडकी पाठीशी आली.

"वाळू होती उतारावर," सरांनी सगळ्यांना सांगितलं. "घसरली गाडी." पोलिसांना तेच सांगितलं, हेडमास्तरांना तेच, सासऱ्यांना तेच. सगळ्यांनी मान हलवली. ओढ्याकाठी वाळू असायचीच.

स्कूटर टेम्पोत घालून घरी आणली. शेडमध्ये लावली, वर चादर टाकली. विकली नाही, कुणाला दिली नाही, दुरुस्तीलाही नेली नाही. गाव म्हणालं, सरांचा जीव आहे तिच्यावर. गावाला काय ठाऊक, ती चादर भीतीनं पांघरलेली होती.

आता ती निघाली. शेडमध्ये वर्तमानपत्रं अंथरली गेली आणि त्यांवर एकेक भाग मांडला जाऊ लागला. प्लग, काजळीनं काळाठिक्कर. कार्बोरेटर, जुन्या पेट्रोलच्या चिकट थरानं गिळलेला. पिस्टन, त्याच्या रुतून बसलेल्या रिंगा. सर एकेक वस्तू रॉकेलच्या डब्यात बुडवत, दाताच्या जुन्या ब्रशनं घासत, आणि धातूचा मूळ वर्ण हळूहळू वर येई. कुठे रुपेरी, कुठे करडा, कुठे पारव्याच्या गळ्यावरचा निळसर-जांभळा. बोटं काळी होत गेली. नखांत ग्रीस बसलं. सांगलीला जाऊन ते टायर घेऊन आले, ट्यूब घेऊन आले, वायरींचा संच घेऊन आले. पुढचं सगळं उघडलं, मधलं सगळं उघडलं. मागचं चाक मात्र रोज उद्यावर पडे.

दहाव्या दिवशी त्यांच्यापाशी उद्या उरला नाही.

त्यांनी स्कूटर आडवी केली. पायाच्या ब्रेकची वायर मागच्या चाकाला जिथे जोडतात, तिथे ती होती. तुटलेली. पोलादाचे धागे गंजून रक्तवर्ण झाले होते, आणि त्यांच्याभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार हिरवट पडून जागच्या जागी बसली होती. सात वेढे. रेखीव, एकाला एक चिकटून, चित्रकलेच्या मास्तरानं घालावेत तसे.

त्या गुरुवारच्या आधीच्या रविवारी त्यांना दिसलं होतं. वायरचे धागे एकेक करून तुटत आले होते. बदलायला हवी होती. पण स्पर्धेची चित्रं तपासायची होती, दुकान लांब होतं, आणि हस्तकलेच्या कपाटात तांब्याची तार होती. चार दिवस निघतील, पुढच्या रविवारी बदलू. पुढचा रविवार दवाखान्यात उजाडला. उतारावर त्यांनी पाय ब्रेकवर दाबला आणि ब्रेक खाली गेला, खाली गेला, खालीच गेला. खोल पाण्यात पाय जावा आणि तळ लागू नये तसा. त्या दिवशी उतार झाडून काढल्यासारखा स्वच्छ होता. वाळूचा कणसुद्धा नव्हता.

सरांनी पकडीनं तो तुकडा तोडला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला.

दुपार कलली होती. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे जमिनीवर पडले होते आणि सरकत सरकत सुट्या भागांवर चढत होते. एका हातात काठी, दुसऱ्या हातात बशीवर तोललेला कप, अशा मंदाकिनीबाई आल्या. त्यांनी कप स्टुलावर ठेवला. आडव्या पडलेल्या स्कूटरकडे बघत उभ्या राहिल्या.

"तुमचं ठोकणं आत ऐकू येतं ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा दर वेळी वाटतं, मी तसं म्हणायला नको होतं."

"कसं?"

"जोरात चला म्हणून. मी म्हटलं नसतं तर तुम्ही हळू उतरला असता. वाळू दिसली असती तुम्हाला."

हे त्या पहिल्यांदा म्हणत नव्हत्या. दवाखान्यातल्या खाटेवर म्हणाल्या होत्या. पुढे दर वर्षी, सामन्यांचा हंगाम आला की, भाकरी थापता थापता, दिवा लावता लावता म्हणत आल्या होत्या. आणि सर दर वेळी म्हणाले होते, "जाऊ दे गं. नशिबाचा भाग." म्हणताना थोडं हसलेही होते. त्या एका वाक्याच्या सावलीत ते एकवीस वर्षं सुखानं बसले होते, आणि मंदाकिनीला ती नवऱ्याची क्षमा वाटत आली होती.

आजही ते वाक्य ओठांपाशी आलं. आलं, आणि तिथूनच मागं फिरलं.

त्यांनी खिशात हात घातला. वायरचा तुकडा काढून बायकोच्या हातावर ठेवला.

"वाळू नव्हती, मंदा."

मग त्यांनी सगळं सांगितलं. रविवार सांगितला, कपाट सांगितलं, सात वेढे सांगितले. सांगायला फार वेळ लागला नाही. एकवीस वर्षं उरात दडवलेली गोष्ट कवडसा स्टुलाच्या एका पायावरून दुसऱ्या पायावर जाईपर्यंत सांगून संपली.

मंदाकिनीबाई त्या तुकड्यावरून अंगठा फिरवत राहिल्या. चहावर साय धरली. बाहेर कुठेतरी बागेत पाखरं हुसकावायला कुणी डबा वाजवत होतं, तो आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला.

"पायाचं मी केव्हाच सोडून दिलं होतं," अखेर त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. त्याच्यातलं पाणी मात्र आटलं होतं. "पाय काय, कुणाचाही मोडतो. पण एकवीस वर्षं मी तुमची माफी मागत आले. आणि तुम्ही ती देत आलात. दर वर्षी. हसून."

"मंदा..."

"नका बोलू आता. बोलायला तुम्हाला पुष्कळ दिवस होते."

वायरचा तुकडा त्यांनी स्टुलावर ठेवला आणि त्या वळल्या. काठीचा आवाज अंगणातून गेला, सोप्यातून गेला, आतल्या खोलीत जाऊन थांबला.

तिसऱ्या दिवशी त्या एसटीनं विट्याला बहिणीकडे गेल्या. कधी येणार, हे सांगितलं नाही. सरांनी विचारलं नाही.

घर मोठं झालं. चूल बोलेना, घागर बोलेना. सर दोन वेळचा भात करत आणि एक वेळचा टाकून देत. उरलेला सगळा दिवस ते शेडमध्ये असत. काम आता आनंदाचं राहिलं नव्हतं. देणेकऱ्यानं मान खाली घालून करावं तसं ते चालू होतं. नवी वायर त्यांनी घातली, आणि मग जमिनीवर बसून हातानं ब्रेक दाबून पाहिला. शंभर वेळा दाबला. शंभर वेळा चाक जागच्या जागी थांबलं. दर वेळी थांबलं. इतकं सोपं होतं ते.

रंगाची वेळ आली तेव्हा निराळंच झालं. गंज घासताना स्कूटरचा जुना रंग सगळा गेला होता. तो आकाशी होता, एवढं त्यांना आठवत होतं. पण कोणतं आकाश? आश्विनातलं, धुतलेलं? की चैत्रातलं, धुरकट? त्यांनी वाटीत रंग कालवला, फिका केला, गडद केला, थेंब थेंब पांढरा सोडला. आयुष्यभर मुलांना रंग दाखवणाऱ्या त्या माणसाला आपल्याच गाडीचा रंग सापडेना. शेवटी त्यांनी वाटी धुऊन टाकली. अस्तराचा राखाडी हात दिला होता, तोच राहू दिला. राखवर्णा, आभाहीना, अनलंकृता अशी ती स्कूटर अंगणात उभी राहिली.

बाई गेल्याच्या बाराव्या दिवशी इंजीन सुरू झालं.

तेराव्या दिवशी, पाचच्या सुमारास, फाटक वाजलं. पांगाऱ्याच्या लाल तुऱ्यांवर उतरतं ऊन पडलं होतं. मंदाकिनीबाई स्टँडवरून चालत आल्या होत्या; कपाळावर घाम, खांद्याला पिशवी. सर पिशवी घ्यायला धावले. त्यांनी ती दिली नाही. स्वतःच आत नेऊन ठेवली, तोंडावर पाणी मारलं, आणि बाहेर आल्या. स्कूटरपुढे उभ्या राहिल्या.

"सुरू होते?"

"होते."

"करा."

सरांनी स्कूटर एका अंगावर कलती केली, सरळ केली, किक मारली. एक. दोन. तिसऱ्या किकला ती खोकली, चौथ्या किकला जागी झाली. निळसर धूर अंगणभर पांगला, फटफट आवाजानं भिंत हलल्यासारखी वाटली. नव्या सीटवरची धूळ सरांनी बाहीनं पुसली. पुसता पुसता त्यांच्या चेहऱ्यावर एक वेडी आशा उमटली, आणि ती बाईंनी पाहिली.

"बसणार नाही मी," त्या म्हणाल्या.

"बरं."

"बंद करा ती."

त्यांनी बंद केली. अचानक सगळं शांत झालं. त्या शांततेत मंदाकिनीबाई सावकाश, एकेक शब्द जमिनीवर ठेवल्यासारख्या बोलल्या.

"आता ती ढकलत माझ्या मागून या. स्टँडपर्यंत. पुढे जायचं नाही, बाजूला यायचं नाही. माझ्या पावलानं यायचं. किती वेळ लागतो ते एकदा बघा."

आणि त्या फाटकातून बाहेर पडल्या.

सर मागून निघाले. रस्ता आधी चढाचा होता. शंभर किलोचं ते धूड छातीवर घेऊन ढकलताना त्यांचा श्वास फुलला, दंडाच्या शिरा तटतटल्या. मग उतार आला, आणि उतारावर स्कूटर पुढे धावू पाहू लागली. तेव्हा तिला आवरणं चढापेक्षा अवघड झालं. पुढे बाईंची पाठ होती. पांढरी सुती साडी, डावीकडे कलणारा खांदा, जमिनीवर रेघ ओढत जाणारी उजवी टाच. ती रेघ सरांनी एकवीस वर्षांत कधी पाहिली नव्हती. ते नेहमी पुढे चालत आले होते.

सायकलवरून जाणारा एक ओळखीचा माणूस थांबला. "बंद पडली व्हय, सर?"

"नाही," सर धापा टाकत म्हणाले. "चालू आहे."

तो नवलानं बघत पुढे गेला. वडापाशी बाई दम घ्यायला थांबल्या, सर थांबले. बाई निघाल्या, सर निघाले. मागं वळून बाईंनी पाहिलं नाही. सूर्य ढळत गेला, दोन सावल्या रस्त्यावर लांबत गेल्या, लांबत गेल्या आणि तरी एकमेकींना लागल्या नाहीत. एक पाऊल, मग ओढलेलं दुसरं. एक पाऊल, मग क्षणाचा थांबा. त्या थांब्यात चाक थांबे, श्वास थांबे, मावळतीचं तांबूस ऊनही थांबल्यासारखं वाटे. आणि पुन्हा एक पाऊल, पुन्हा ओढलेलं दुसरं, आणि मागून, तेवढंच, चाक.