बटण ज्याच्या हातात

"थांबवा!" फोरमन ओरडला, पण थांबवण्यासारखं काही उरलं नव्हतं. पाना फिरू लागला की त्याचा एक लोखंडी पाय शेजारच्या नटाला रेटून उभा राहतो. त्याला टेकू म्हणतात. तो टेकू जिथं टेकायचा तिथं टेकला होता, आणि मधे, ज्याला सगळे साडेआठ म्हणत त्याच्या हातमोज्याची करंगळी चपटी होऊन अडकली होती. आत करंगळी नव्हती, म्हणून कोणाचं काही गेलं नाही. ती कधीचीच गेलेली होती.

"लागलं का रे?" पान्याच्या पंपाशी उभ्या असलेल्या दाजींनी विचारलं. पंपाचं बटण अजून त्यांच्या मुठीत होतं.

"लागायचं ते लागून झालंय. आता बटण सोडा, म्हणजे मोजा तरी सुटेल."

पंपाची गुरगुर उतरली, टेकू सैल झाला. साडेआठनं मोजा ओढून काढला.

"तूच मान हलवलीस," दाजी म्हणाले.

"हलवली."

"मग मी दाबलं."

"पाना बसला म्हणून हलवली, दाजी. दाबा म्हणून नाही."

यात खोटं कोणीच बोलत नव्हतं, आणि अडचण तीच होती. खडी फोडणाऱ्या अजस्र यंत्रांचे नट आवळण्यात या दाजी-मेहुण्याच्या जोडीची उमेदीची वर्षं गेली होती. एकेक नट घरातल्या सगळ्यात मोठ्या पातेल्याएवढा. मेहुण्यानं पाना नटावर धरायचा आणि दाजींनी पान्याच्या शेपटावर घण घालायचा, अशी वाटणी. शेडमध्ये शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे, म्हणून बोलायचंच नाही असं ठरलं. मेहुण्यानं मान हलवली की घण यायचा. जोडी इतकी गाजली, की ज्यांना बहीणच नव्हती असे पिकल्या मिशांचे वेल्डरसुद्धा त्यांना दाजीच म्हणू लागले.

मग एका उकाड्याच्या दुपारी मेहुण्यानं डोळ्यात उतरलेला घाम झटकायला मान हलवली. घण आला. पाना उसळला, आणि डाव्या हाताची करंगळी पुरती, तर तिच्या शेजारचं बोट निम्मं गेलं. शेडनं दहातून वजाबाकी केली आणि त्याला साडेआठ हे नाव दिलं. त्याला त्याचा राग आला नाही. त्या नावात दया नव्हती, नुसता हिशेब होता.

दया होती ती दाजींकडे, आणि ती संपता संपत नव्हती. ते त्याची पिशवी उचलत. बाटलीचं झाकण उघडून देत. एकदा तर घरी सगळ्यांसमोर त्याच्या शर्टाचं बटण लावायला वाकले, तेव्हा त्यांच्या बायकोनंच, म्हणजे साडेआठच्या ताईनंच, त्यांना मागं ओढलं. त्यांनीच फोरमनच्या हातापाया पडून त्याला स्टोअरमध्ये खुर्ची मिळवून दिली. तिथं बसून तो बोल्ट द्यायचा, पाने घ्यायचा आणि दिवसभर सुखरूप राहायचा. सुखरूप राहण्याचा इतका कंटाळा येऊ शकतो हे त्याला चाळिशीत कळलं.

शेडमध्ये हायड्रॉलिक पाना आला तसा तो फोरमनच्या मागं लागला. घण नको, धरणारा नको. तेलाच्या दाबानं पाना आपला आपण फिरतो. शिकायला पाठवा म्हणाला. शिकूनही आला. फोरमननं सांगितलं होतं, "हे एक यंत्र देतो. नीट आवळलंस तर पुन्हा फिटर. काही वेडंवाकडं झालं तर मरेपर्यंत स्टोअर, आणि कुरकुर करायची नाही."

ही बातमी ताईच्या कानावर गेली. तिनं नवऱ्याला ताटावरच सुनावलं, "त्याच्या हाताला पुन्हा काही झालं, तर या घरात जेवायला बसायचं नाही." म्हणून दाजींनी आज सकाळी बटण स्वतःकडे घेतलं होतं. "तू नुसता पाना बसव. जोखीम माझी."

शिकवणाऱ्यानं पहिल्या दिवशी एकच गोष्ट दहादा घोकून घेतली होती: नटाजवळ ज्याचा हात, त्याच्याच हातात बटण. दुसऱ्या कोणाच्याही नाही, सख्ख्या बापाच्याही नाही. साडेआठला ते पाठ होतं. पण सकाळी दाजींना 'नाही' म्हणायला त्याची जीभ रेटली नाही. चूक झाली ती तिथं.

"पुरे झालं," फोरमन म्हणाला. "जा बाबा तू स्टोअरला. उद्या बाहेरून माणसं बोलावतो."

"नाही जात."

"काय?"

"एक नट करून दाखवतो. मग हाकला." त्यानं दाजींकडे हात पुढं केला. "बटण द्या."

दाजींनी बटणाची पेटी पाठीमागं नेली, लहान पोरानं खाऊ लपवावा तशी. "अरे, आता नाही चुकायचं. तू तोंडानं सांग, मोठ्यांदा सांग, मग दाबतो. मान नको, बास?"

"द्या, दाजी."

"तुझ्या ताईला मी काय सांगू?"

"तिला मी सांगेन."

दाजी हलले नाहीत. आजूबाजूचे फिटर हातातलं काम सोडून पाहू लागले होते. मग दाजींनी आवाज खाली आणला. आजवर त्या घरात कोणीच जे विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं.

"म्हणजे तुझा माझ्यावर भरवसा राहिला नाही. असंच ना?"

साडेआठला वाटलं, खोटं बोलून टाकावं आणि मोकळं व्हावं. घरात आजवर तसंच चाललं होतं.

"तुमच्यावर आहे," तो म्हणाला. "माझ्या मानेवर नाही. तिला काय, ती घामानं हलते, माशी बसली तरी हलते. ती हलली की तुम्ही थांबणार नाही. तुम्हाला सवयच तशी, आणि ती मीच लावली. तुम्ही कितीही जपलंत तरी माझा हात कुठं आहे ते तुम्हाला तिकडून दिसत नाही, दाजी. मला दिसतं."

दाजींनी पेटी पुढं केली. दिली म्हणण्यापेक्षा धरून ठेवायची सोडली.

"आणि यंत्राभोवतीच्या दोरीच्या बाहेर व्हा. सगळेच व्हा. फोरमनसाहेब, तुम्हीसुद्धा."

"मीसुद्धा?" फोरमन गुरगुरला, पण झाला.

साडेआठनं पाना नटावर बसवला. टेकू शेजारच्या नटाला पुरता टेकलाय का, ते वाकून पाहिलं. नळी वळली नाही ना, पाहिलं. मग उठून दोन पावलं मागं आला, पेटी दोन्ही हातांत धरली, आणि आपले दोन्ही हात पेटीवरच आहेत ना तेही एकदा पाहिलं. तेव्हा कुठं दाबलं. नट कुरकुरला, फिरला, थांबला. पुन्हा दाबलं. मग बरोबर समोरचा नट, मग त्याच्या आडवा. गाडी रुळावर आली तसा फोरमन घड्याळ पाहायचं विसरला आणि थोड्या वेळानं "करू दे त्याला," म्हणून आपल्या खोलीत गेला. फिटरही पांगले.

दाजी गेले नाहीत. दोरीला पोट टेकून उभे होते.

पलीकडच्या नटावर पाना बसवून साडेआठ मागं सरला, तेव्हा त्याची नजर तिकडं गेली. त्यानं बटण दाबलं. पंपाचा आवाज चढला आणि दोरीपलीकडे दाजींचे खांदे हळूहळू वर उचलले गेले, पाठ ताणली गेली, दोन्ही मुठी एकीवर एक आवळल्या, घणाच्या दांड्यावर आवळाव्यात तशा. नट थांबला. खांदे खाली आले. त्यांचं त्यांना ठाऊक नव्हतं.

साडेआठनं नजर काढून घेतली आणि पुढच्या नटाकडे वळला. पाना बसवताना त्यानं मान अगदी ताठ ठेवली.