झाकलेला कागद

मित्रांनो, मी एक जुना सूचनाफलक आहे. दिसायला गरीब असलो तरी डूख धरतो, हे आधीच सांगून ठेवतो.

एका सुताराने मला बुचाच्या फळीपासून बनवले आणि शिलाई कारखान्याच्या दारात टांगले. तिथले म्हातारे कारकून मला रोज फडक्याने पुसत. "फलकावर लागलं म्हणजे खरं," असे बायका म्हणत, तेव्हा माझी छाती फुगे. कारकून निवृत्त झाले आणि नवे मॅनेजर आले. त्यांनी मला हात धुण्याच्या नळाशेजारी हलवले. पाणी उडून उडून माझी वरची कड कुजली.

त्या वर्षी सरकारने एक नवी सुट्टी जाहीर केली. कामगार कचेरीचे पत्रक आले: सुट्टी कारखान्यांनाही लागू, तीही भरपगारी. पत्रक फलकावर लावणे सक्तीचे होते. मॅनेजरांनी ते लावले, कचेरीला पाठवायला फोटो काढला आणि लगेच त्यावर 'डबे धुऊन ठेवा' ही भलीमोठी सूचना टोचली. माझ्याच छातीवर लबाडी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

काजे करणाऱ्या मावशी त्यांना म्हणाल्या, "साहेब, त्या नव्या सुट्टीच्या दिवशी माझी लेकही मोकळी आहे. परगावी नर्स आहे ती. सात महिने झाले, आमच्या सुट्ट्याच जुळत नाहीत."

"ती सुट्टी सरकारी कचेऱ्यांना, मावशी. आपल्याला कुठली? मुकाट्याने कामावर यायचं."

मावशींनी नळ सोडला आणि उगाचच तोंड धुतले. त्या रडत होत्या, हे फक्त मी पाहिले. याचे उट्टे काढायचेच, असे मी तेव्हाच ठरवले.

सुट्टीच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या वेळी नळाशी बायकांची रांग होती. मॅनेजरही हात धूत होते. मी कुजलेली कड सैल सोडली. वरची सूचना टाचण्यांसकट त्यांच्या ओल्या हातांवर पडली. खालचे पत्रक मी जीव खाऊन धरून ठेवले होते.

मावशींनी ते मोठ्याने वाचले. "अगं बाई! साहेब, हे पत्रक तर तीन आठवड्यांपूर्वीचं!"

"मी... आजच सांगणार होतो."

"मग सांगा की! सगळ्या इथंच आहोत."

सांगावेच लागले. दुसऱ्या दिवशी कारखान्याला कुलूप होते आणि मावशी लेकीकडे होत्या.

मित्रांनो, फलकाची निगा राखा. त्याला कोरडा ठेवा आणि एका कागदाखाली दुसरा दडवू नका. महिन्याभरात त्या मॅनेजरांच्या बदलीचा कागद आला. मावशींनी तो माझ्या न कुजलेल्या, धड कोपऱ्यात लावला. त्याला आता दोन वर्षे झाली. बाकीचे कागद कधीच गळून गेले. तो मात्र मी अजून पडू दिलेला नाही.