इंटरव्हलच्या आधीचा शॉट

कोंडाबाईने तीन दिवस आधीपासूनच तब्येतीची कुरकूर सुरू केली होती. आधी डोकं दुखतंय म्हणाली, मग पोटात मळमळतंय म्हणाली. शुक्रवारी सकाळी तर देगलूरहून पाहुणे येणार आहेत अशी थापही मारून पाहिली. पण घरात कुणी ऐकेना. आदर्शने पहिल्याच दिवशीची, संध्याकाळच्या शोची चार तिकिटं काढली होती आणि त्यासाठी ऑफिसात सकाळभर मोबाइलवर बोट आपटलं होतं. ज्या सिनेमात आपली माय आहे तो पहिल्या दिवशी नाही बघायचा तर कधी बघायचा, असं त्याचं म्हणणं. सून रेणुकाची दवाखान्यात ड्यूटी होती, म्हणून तिने रविवारचं तिकीट वेगळं काढून ठेवलं होतं. आख्ख्या गल्लीला खबर लागली होती. आता माघार घ्यायची तर कोणत्या तोंडाने?

कोंडाबाई सरकारी शाळेत आया होती. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाली आणि घरी बसून तिचा जीव आंबायला लागला. कुकटपल्लीत त्यांच्याच गल्लीत राहणारा नरसिम्लू सिनेमावाल्यांना गर्दीसाठी माणसं पुरवायचा. एकदा त्याला काष्टा नेसता येणाऱ्या वीस म्हाताऱ्या हव्या होत्या. कोंडाबाई म्हणाली, मला येतो. चार दिवस ती पहाटे त्याच्या बसमध्ये बसून शहराबाहेरच्या सेटवर गेली. मातकट लुगडं, पायात पितळी वाळे, चेहऱ्याला राख. दुपारी पंगत. तिथल्या बायांशी अर्धं तेलुगू, अर्धं दखनी बोलत तिचा दिवस कसा जायचा ते कळायचं नाही. इतकी मजा तिला शाळेच्या गॅदरिंगलाही आली नव्हती.

सिनेमा 'नीडल कोटा' या तेलुगू कादंबरीवरचा होता. नीडल कोटा म्हणजे सावल्यांचा किल्ला. तीन जाडजूड भाग, आणि नात गीताने ते चार वेळा वाचलेले. इंटरच्या, म्हणजे बारावीच्या, परीक्षेत उशाला तीच पुस्तकं असायची. गोष्ट एका राजाची. त्याच्यापुढे जो वाकतो, त्याची सावली तुटते आणि सरपटत जाऊन किल्ल्याच्या भिंतीत शिरते. सावली गेलेला माणूस मग राजा म्हणेल तेच करतो. वेन्नेला नावाची एक मुलगी या सावल्या सोडवायला निघते. गीताने ही गोष्ट जेवताना सांगितली तेव्हा देवराव, म्हणजे तिचे आजोबा, घास हातात धरून ऐकत राहिले होते. मग म्हणाले, "यात नवल ते काय? माझा आज्या गावच्या विहिरीजवळनं जाताना, विटाळ नको म्हणून, आपली सावली कुठं पडतीय ते बघून चालायचा." आणि त्यांनी गीताच्या ताटात अजून एक भाकरी वाढली.

इतकं सगळं छान होतं, तर कोंडाबाई घाबरली कशाला? तर त्याचं कारण चौथ्या दिवशी घडलं होतं, आणि ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी राजाच्या मिरवणुकीचा शॉट होता. तीनशे माणसं रस्त्याच्या दोन्ही अंगाला उभी, मधून हत्तीवर राजा. हत्ती म्हणजे हिरवं कापड गुंडाळलेली एक गाडी होती. शंख वाजला की सगळ्यांनी गुडघ्यावर बसून कपाळ जमिनीला टेकायचं. एकदा ढग आला, एकदा कुणाचा तरी मोबाइल वाजला, एकदा राजाचा मुकुट कलला. आठ वेळा वाकून झालं. नवव्या वेळी शंख वाजला, तीनशे माणसं खाली गेली आणि कोंडाबाईचा उजवा गुडघा अडकला. तो वाकेना. गंजलेल्या कडीसारखा जागच्या जागी धरला. ती तशीच खांबासारखी उभी. वरून क्रेनवरचा कॅमेरा घारीसारखा खाली उतरत होता. लाउडस्पीकरवरून एक तरुण बाई तेलुगूत ओरडायला लागली, की ती म्हातारी कोण, तिला खाली बसवा. कुणीतरी तिचा हात ओढला. तेवढ्यात दुसराच कुणी पुरुष काहीतरी बोलला, स्पीकर बंद झाला आणि थोड्या वेळाने सगळ्यांना घरी पाठवलं. नरसिम्लूचा पुढे फोन आला नाही. कोंडाबाईने मनाशी धरलं, की आपण एवढ्या मोठ्या माणसांचा शॉट बिघडवला. आता पडद्यावर काय दिसणार? एक तर आपण दिसणारच नाही, नाहीतर तीनशे लोक बरोबर वागताना आपण एकटीच गाढवासारखी उभी दिसणार.

थिएटरबाहेर रस्ता जाम होता. राजाचं काम करणाऱ्या हिरोचा तीन मजली कटआउट उभा केला होता, त्याच्या गळ्यात क्रेनने हार घालणं चाललं होतं. पोरं हलगीसारखा डप्पू वाजवत नाचत होती. देवरावांनी आयुष्यभर बसच्या वर्कशॉपमध्ये इंजिनांचा आवाज ऐकलेला. तरी त्यांनी कानाला रुमाल बांधला आणि आत गेल्यावर मी झोपणार, असं आधीच सांगून टाकलं.

आत दोन तट पडले होते. पुढच्या रांगांत हिरोचे भक्त, खिशात कागदाचे तुकडे भरून आलेले. मागच्या रांगांत पुस्तक वाचलेली पोरंपोरी, बऱ्याच जणांच्या काळ्या टी-शर्टवर किल्ल्याचं चित्र. कोंडाबाईच्या अगदी पुढच्या खुर्चीत बसलेल्या एका पोरीने तर तिन्ही भाग मांडीवर आणले होते, जणू परीक्षेला बसली होती.

सिनेमा सुरू झाला आणि हिरोचं नाव पडद्यावर आलं, तसे कागदाचे तुकडे असे उडाले की पाच मिनिटं पडदाच दिसेना. मग किल्ला आला. तो निळा होता. मागच्या रांगांतून एकदम "अय्यो" असा सूर निघाला, कारण पुस्तकात तो काळा आहे. गीता कोंडाबाईच्या कानाशी लागली. किल्ला काळा पाहिजे होता, आज्जी. घुबड बोलत नाही पुस्तकात. वेन्नेलाला भाऊ नाहीच आहे, हा कुठून आणला? पुढची पोरगी पानं उलटून मोबाइलच्या उजेडात पुरावे काढत होती. पुढच्या रांगांतला एक जण उभा राहून म्हणाला, की ज्यांना वाचायचं आहे त्यांनी लायब्ररीत जावं. त्यावर पुढचे हसले आणि मागचे चिडले. घुबडाच्या पहिल्या विनोदाला मात्र दोन्ही तट एकत्र हसले, गीतासकट, आणि नंतर गीताला आपलाच राग आला.

कोंडाबाईचं यातल्या कशात लक्ष नव्हतं. बाजाराच्या प्रसंगात एक म्हातारी टोपली घेऊन गेली तेव्हा आदर्श खुर्चीतून अर्धा उठला, पण ती दुसरीच कुणी होती. कोंडाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

मग शंख वाजला.

तो आवाज तिने लगेच ओळखला. पडद्यावर हिरव्या कापडाच्या जागी खरोखरीचा हत्ती होता, देवळाएवढा, त्याच्या सुळ्यांना सोन्याच्या कड्या. राजाने हात वर केला. रस्त्यावरची माणसं वाऱ्याने ज्वारीचं रान झोपावं तशी खाली गेली, आणि प्रत्येकाच्या पायाशी एक सावली तुटून सरपटत निघाली. संगीत बंद झालं. कॅमेरा वरून खाली, खाली येत गेला, आणि त्या वाकलेल्या पाठींच्या मधोमध एक म्हातारी उभी होती.

चेहरा राखेने माखलेला, ओठ आवळलेले, नजर समोर. तिची सावली तिच्या पायाशी लांबच लांब पडलेली, शाबूत.

 हत्ती थांबला. राजाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. आणि पहिल्यांदाच, हिरोच्या त्या दगडी चेहऱ्यावर भीती दिसली. गर्दीतून वेन्नेलाने मान वर केली, म्हातारीकडे पाहिलं आणि ती हळूहळू उठून उभी राहिली. पडद्यावर मोठ्या अक्षरात 'इंटरव्हल' आलं.

मग जो गलका झाला, तो कोंडाबाईला आधी समजलाच नाही. शिट्ट्या, आरोळ्या, खुर्च्यांवर थापा. हिरोच्या भक्तांनी राखून ठेवलेले कागद उधळले, तेही हिरो घाबरला म्हणून. आदर्श उभा राहून, ही माझी माय आहे, असं आधी मराठीत, मग तेलुगूत, मग हिंदीत सांगत सुटला. पुढच्या पोरीने पुस्तकाची पानं चाळली, पुन्हा चाळली, आणि पुस्तक मिटलं.

"हे पुस्तकात नाहीये," गीता म्हणाली.  "आज्जी, हे पुस्तकात कुठंच नाहीये."

बाहेर समोशाच्या काउंटरजवळ लोकांनी कोंडाबाईला घेरलं. राख पुसलेली असली तरी ते आवळलेले ओठ लपत नव्हते. काळ्या टी-शर्टवाल्यांनी फोटो काढून घेतले, मग पुढच्या रांगांतल्या पोरांनीही. एका कॉलेजच्या पोराने तिला विचारलं, की डायरेक्टरने तुम्हाला त्या क्षणी मनात काय आणायला सांगितलं होतं. कोंडाबाईने खरं ते सांगून टाकलं. कुणी काही सांगितलं नव्हतं, गुडघा धरला होता, म्हणून खाली बसता आलं नाही. सगळे हसले. किती साध्या आहेत या, असं कुणीतरी म्हणालं. तिने पुन्हा सांगितलं, तर अजून हसले. मग तीही हसायला लागली. कित्येक महिने छातीवर ठेवलेला धोंडा असा समोशाच्या वासात, अनोळखी पोरांच्या गराड्यात उतरला, आणि तिला एकाएकी सपाटून भूक लागली. तिने दोन समोसे खाल्ले आणि तिसऱ्यातला अर्धा गीताला दिला. गीता तिकडे पुस्तकवाल्या पोरीशी वाद घालत होती. ती पोरगी म्हणत होती, की पुस्तकात नाही ते नाही, चांगलं असलं तरी नाही. आणि जी गीता तासाभरापूर्वी घुबडावरून चिडली होती, ती आता तिला पटवत होती, की लेखकाला सुचलं असतं तर त्याने घातलंच असतं.

देवराव मात्र फोटोतही आले नाहीत. रुमाल कानावरून सोडून हातात धरला होता.

उरलेला सिनेमा कोंडाबाईने मोकळ्या मनाने पाहिला. घुबडाच्या बोलण्यावर ती सगळ्यांत आधी हसायची. शेवटी किल्ला ढासळून हजारो सावल्या पाखरांसारख्या आपापल्या माणसांकडे परतल्या, तेव्हा मागच्या रांगांतली पोरं रडत होती आणि पुढची नाचत होती. किल्ला निळा होता हे कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. देवराव एक क्षणही झोपले नव्हते.

शो सुटल्यावर आदर्श आणि गीता पार्किंगमधून गाडी काढायला गेले. दोघं म्हातारी माणसं थिएटरच्या पायऱ्यांजवळ, कठड्याला टेकून थांबली. बाहेर पुढच्या शोची गर्दी आत शिरायला उतावीळ झाली होती. डप्पूवाले दमून उसाचा रस पीत होते.

"लई दुखत हुतं का गं?" देवरावांनी विचारलं.

कोंडाबाईने त्यांच्याकडे पाहिलं.

"सगळे म्हणाले, म्हातारी राजाला भ्याली नाही," ते म्हणाले. "मी तुझं तोंड वळखतो. आदर्शाच्या टायमाला दवाखान्यात असंच वठ आवळून पडली हुतीस. घरी आल्यावर बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुमी परत जाऊ दिलं असतं का?"

 देवराव रुमालाची घडी घालत राहिले. मग कोंडाबाईच बोलली, आणि हे तिने समोशाच्या काउंटरवरही सांगितलं नव्हतं.

"गुडघा धरला हे खरं हाय. पण शेजारची बाई म्हणली, माझ्या खांद्यावर हात ठेव अन् बस, जमंल. जमलं असतं बी. आठ डाव बसलेच हुते की. पण ती पोरगी भोंग्यावरून वरडायली, म्हातारीला बसवा, म्हातारीला बसवा. मग मी म्हणलं, नाही बसत जा."

देवरावांनी मान वळवली आणि तिच्याकडे पाहिलं. मग ते हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. तिने हसू आवरायचा प्रयत्न केला, पण तो फार वेळ टिकला नाही. रस पिणारी डप्पूवाली पोरं या दोघांकडे बघायला लागली.

"हे गीताला सांगू नका," कोंडाबाई म्हणाली.

"का?"

"ती लगेच लिहून टाकंल मोबाइलवर. त्या लाउडस्पीकरवाल्या पोरीला कशाला वाईट वाटू द्यायचं? तिची बी नोकरीच हाय."

"हौ," देवराव म्हणाले. "उद्या मात्र डॉक्टरकडं जायचं. मी येतो संगं."

आदर्शची गाडी गर्दीतून वाट काढत आली. मागच्या काचेतून गीता हात हलवत होती, आणि तिच्या शेजारी तिन्ही भाग मांडीवर घेऊन ती पुस्तकवाली पोरगी बसली होती. तिचं घर वाटेवरच होतं आणि वाद अजून मिटला नव्हता. देवराव पुढे बसले. कोंडाबाई मागे, दोन्ही पोरींच्या मधे शिरली आणि म्हणाली, "आता मला पहिल्या भागापासून नीट सांगा. त्या राजाला सावल्या कशाला लागत हुत्या?"

दोघी एकदमच बोलायला लागल्या.