तिरक्या नजरेची डिश

मी डिश बोलतेय. टीव्हीची नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या काकू अजून विचारतात, हिच्यावर कुठली कुठली चॅनेलं लागतात म्हणून. माझ्यावर एकच लागतं: कालव्यापलीकडच्या गच्चीवरची माझी जुळी बहीण.

आम्ही दोघी एकाच साच्यातून निघालो आणि एकाच खोक्यातून, पाठीला पाठ लावून इथे आलो. खोकं उघडल्यावर कळलं, की आता जन्मभर समोरासमोर राहायचंय, पण मधे अर्धा किलोमीटर सोडून.

इथल्या हॉस्पिटलच्या दोन इमारती. अलीकडच्या जुन्या इमारतीत वॉर्ड आणि एक्स-रेचं मशीन, पलीकडच्या नव्या इमारतीत एक्स-रे बघणाऱ्या डॉक्टरीणबाई. मधून कालवा वाहतो आणि त्याच्याखालून वायर न्यायला परवानगी मिळेना. तोवर शिपाईकाका एक्स-रेची पाकिटं घेऊन पुलावरून जायचे-यायचे, दिवसातून आठ-दहा वेळा. त्यांचा उजवा गुडघा पुलाच्या प्रत्येक पायरीशी भांडायचा. दोन्हीकडचे कॉम्प्युटर वायरीशिवाय जोडून द्यायचे आणि काकांना बसू द्यायचं, एवढ्यासाठी आम्हाला आणलं. एक्स-रे माझ्याकडून निघतो, हवेतून कालवा ओलांडतो आणि बहिणीकडून डॉक्टरीणबाईंच्या स्क्रीनवर उतरतो.

मला बसवलं मामांनी. मामा म्हणजे या कामातले जुने जाणते. त्यांची भाची पुढे इथेच देखरेखीला लागली, तेव्हापासून सगळेच त्यांना मामा म्हणतात. आधी खांबाला सैलसर अडकवायचं आणि लॅपटॉपवरच्या आकड्याकडे बघत हळूहळू फिरवायचं, अशी आमची रीत. आकडा जितका लहान, तितकं आम्हाला एकमेकींचं स्पष्ट ऐकू येतं. त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. आकडा नव्वदवरून सत्तरवर आला, आणखी फिरवल्यावर पुन्हा वाढायला लागला. मामांनी मला मागे आणलं, नट आवळले आणि म्हणाले, "बसली."

बसले खरी. पण बहीण मला कायम दार लोटलेल्या खोलीतून बोलल्यासारखी ऐकू यायची. मला वाटलं, असंच असतं. आणि मी जात्याच भित्री, कबूतर येऊन बसलं तरी दचकते. तक्रार कोणाकडे करणार? वारा सुटला की खांब हलायचा आणि आमचं बोलणं तुटायचं. एक्स-रे अर्ध्यावर अडकला की डॉक्टरीणबाई फोन करून विचारायच्या, बरगड्या पोचल्या, बाकीचा माणूस कधी पाठवताय? सगळे हसायचे. काका मात्र मुकाट्याने चपला घालायचे.

अशी तीन वर्षं गेली. शेवटी मॅनेजरसाहेबांनी निकाल दिला: शनिवारपर्यंत हे नीट झालं नाही तर दोन्ही डिश भंगारात, आणि भाचीला कायम करायचं की नाही तेही मग बघू. मामांच्या शब्दावर तिला लावून घेतलं होतं, त्याला सहा महिने होत आले होते.

भाची माझ्याहून भित्री. गच्चीची शिडी चढण्याआधी ती शिडी तीनदा हलवून बघते, चौथ्यांदा नुसतीच हात लावते. पण वाचन दांडगं. आमच्याबरोबर आलेलं माहितीपुस्तक तिने उघडलं, तेव्हा ते कोणीतरी पहिल्यांदाच उघडत असल्यासारखं करकरलं. त्यात लिहिलं होतं, इतक्या अंतराला आकडा पन्नासच्या आसपास हवा. मग ती माझ्या पाठीमागे उभी राहिली आणि तिने माझ्या रोखाने बघितलं. मी बहिणीकडे बघतच नव्हते. मी तिच्या बाजूच्या पाण्याच्या टाकीकडे बघत होते.

शनिवारी सकाळी भाची माझ्याजवळ आणि मामा बहिणीजवळ, मधे फोन चालू. टाकीचं सांगितल्यावर मामा म्हणाले, "डोळ्यानं नाही, आकड्यानं लावतात. हात लावू नकोस. आहे ते गेलं तर काय दाखवशील साहेबांना?"

खरं सांगते, मलाही मामांचंच पटलं.

"थोडं पुढे नेऊन बघते, मामा," असं म्हणून तिने नट सैल केला.

सत्तर. अठ्ठ्याहत्तर. सत्त्याऐंशी. मग आकडाच नाही. खाली वॉर्डात फोन वाजायला लागले. बहिणीचा आवाज पहिल्यांदाच पूर्ण गेला होता.

"मामा, काहीच नाहीये."

"मागे घे."

तिने नट सैलच ठेवला. मग म्हणाली, "मागे काय आहे ते माहितीये मला."

आणि तिने मला पुढेच ढकललं, बोटभर, आणखी बोटभर. त्या शांततेच्या पलीकडे आधी बारीक खरखर आली. अठ्ठ्याऐंशी. चौऱ्याहत्तर. साठ. एक्कावन्न. बहीण इतक्या जवळून बोलली की मी सवयीप्रमाणे दचकलेच.

नंतर भाचीने काकांना समजावलं. आम्हा डिशांना सरळ नजरेशिवाय दोन्ही बाजूंना थोडी तिरकी नजरही असते. सरळ आणि तिरक्या नजरेच्या मधल्या जागेत काहीच ऐकू येत नाही. मामांना आधी तिरकी सापडली, पुढे आवाज कमी होत गेला आणि कोणीही परतेल तसे ते परतले.

त्याआधी फोनवर तिने मामांना आकडा सांगितला. "म्हणजे तीन वर्षं मी हिला टाकी बघायला बसवलं," ते म्हणाले. "नट तूच आवळ आता. दोन्ही बाजूंचे सारखे."

त्यालाही आता चार पावसाळे झाले. भाची कायम झाली. माझ्या कडेला गंज चढलाय, पाठीमागे कबुतरीने घर केलंय. कालव्याखालून वायरीची परवानगी आली आहे म्हणतात; येऊ दे, आमचं बोलून झालंय पोटभर. काका पुलावर अजून दिसतात, पण हात रिकामे असतात. मधेच थांबून पाण्यातले मासे बघतात.

उद्या मला कोणी दुसऱ्या गच्चीवर नेलंच, तर एक विनंती आहे. मला फिरवताना आवाज पूर्ण गेला तर घाबरा, खुशाल घाबरा, मीही घाबरेन. फक्त मला लगेच मागे घेऊ नका.