पन्नास मिनिटांची खिडकी

खण अ–३. बोल्ट, सहा मिलिमीटर.

“सतरा सेकंद!” ताईंनी जाहीर केलं. घड्याळ पाहुणीबाईंच्या हातात होतं, पण त्यांची भाषा ताईंखेरीज कारखान्यात कुणाला कळत नव्हती.

काकूंनी बोल्ट टेबलावर ठेवला. “आता काय आणू?”

काकू आल्या होत्या नवऱ्याचा विसरलेला चष्मा द्यायला. पण आज स्टोअरची परीक्षा होती, आणि नियम असा की शोधणाऱ्यानं इथं पूर्वी पाऊल टाकलेलं नसावं. ज्या टायपिस्टला बोलावलं होतं, तिला ताप भरला. स्टोअरकीपर काका एकतीस वर्षं जिथं रोज येत होते, ती जागा त्यांच्या बायकोनं आज पहिल्यांदा पाहिली.

“काकू, तुम्हीच शोधा,” ताई म्हणाल्या होत्या.

“मी? बरं. ह्यांना मात्र शोधायला सांगू नका हो. घरात स्वतःचे मोजे सापडत नाहीत.”

खण ब–१२. वॉशर, तांब्याचे.

चौदा सेकंद.

खण ब–१३. मागची हकिगत.

पंपांचा हा कारखाना ताईंच्या वडिलांनी काढला. गेल्या वर्षी तो मरता मरता वाचला, कारण परदेशातल्या एका मोठ्या कंपनीनं निम्मा हिस्सा घेतला. पैसा आला, यंत्रं आली, पाठोपाठ घड्याळ घेऊन पाहुणीबाई आल्या. त्यांनी महिनाभर मोजून काढलं: प्रत्येक फिटर दिवसातली पन्नास मिनिटं स्टोअरच्या खिडकीपाशी उभा असतो. तोवर यंत्र बंद.

खोटं नव्हतं. तीन हजार जिनसा, आणि कुठली कुठं आहे हे एकट्या काकांच्या डोक्यात. काका आत शोधायचे, फिटर बाहेर बोलायचे. सासूचं ऑपरेशन, मुलीचं मोडलेलं लग्न, ठणकणारी दाढ. वॉशर हातात पडेपर्यंत माणूस हलका झालेला असे. कधी कधी वॉशर आधीच काकांच्या मुठीत असायचा. पण समोरचा बोलत असला, तर ते शोधतच राहायचे.

आता खिडकी काढून दार बसणार होतं. ज्याचं त्यानं आत जाऊन घ्यायचं. परक्या माणसाला दहाच्या दहा वस्तू प्रत्येकी तीस सेकंदांत सापडल्या, तर कंपनी आपला नवा पंप इथं बनवणार. नाहीतर दुसरीकडे. काकांना खरेदीच्या कागदांवर बसवणार होते. पगार तोच, वर पंखा.

खणाखणावरच्या चिठ्ठ्या काकांनीच लिहिल्या, चार महिने खपून. दुसऱ्या कुणाला येणार होत्या?

खण ड–९.

दहावी वस्तू: जुन्या पंपाचं ऑइल सील.

तीन हजारांत एवढ्या एकाच खणाला चिठ्ठी नव्हती, आणि पाहुणीबाईंचं बोट यादीत नेमकं तिथंच पडलं. बाजूला उभ्या काकांना बोलायला तर बंदी.

दहा सेकंद. रॅकवर ‘सील’ लिहिलेलं पाहून काकू तिथं पोचल्या. पंधरा. एकेक चिठ्ठी वाचू लागल्या. एकवीस. त्या थांबल्या, वळून नवऱ्याकडे पाहिलं. काका छताकडे बघत होते. काकू खाली वाकल्या, तळाच्या डाव्या कोपऱ्यातलं रिकामं खोकं बाजूला सारलं आणि आत हात घातला.

“सव्वीस!” ताई ओरडल्याच. पाहुणीबाईंनी कागदावर खूण केली.

“काकू, कसं हो सापडलं?”

“त्यात काय! घरी बिस्किटांचा डबा अस्साच लपवतात. खाली, डावीकडे, पुढं काहीतरी रिकामं उभं करून.”

हशा पिकला. ताईंनी त्यांच्या भाषेत सांगितल्यावर पाहुणीबाईसुद्धा हसल्या.

“ताई,” काका म्हणाले, “त्यांना म्हणावं, ती खूण खोडा.”

“का?”

“हिला सापडलं. परक्याला सापडलं नसतं. चिठ्ठी नाहीये त्याला.”

ताईंनी वाकून पाहिलं. “राहिली का, काका?”



“राहिली नाही, ठेवली,” काका म्हणाले.

काकूंचं हसू विरलं. ताईंनी पाहुणीबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी काकांकडे नीट पाहिलं, खूण खोडली आणि घड्याळ खिशात टाकलं.

“उद्या पुन्हा,” ताई म्हणाल्या. “नवा माणूस, नव्या दहा वस्तू.” आणि हळूच, “चालेल ना, काका?”

“चालेल की. त्यात काय.”

त्या दोघी गेल्यावर काकांनी चिठ्ठी लिहिली. ‘ड–९. ऑइल सील, जुना पंप.’ चारही कोपरे अंगठ्यानं दाबले. मग दार जिथं बसणार तिथून अक्षर दिसतं का हे पाहायला ते बाहेर गेले आणि खिडकीच्या पलीकडच्या अंगाला, फिटरांच्या बाजूला उभे राहिले.

बाहेरच्या लाकडी फळीवर दोन उथळ खळगे पडले होते, गुळगुळीत, हातभर अंतरावर. आतून ते कधी दिसलेच नव्हते. काकांनी त्यांत आपली कोपरं टेकवून पाहिली. बरोब्बर बसली.

“दिसतंय का हो?” आतून काकूंनी विचारलं.

“दिसतंय,” काका म्हणाले, आणि तसेच उभे राहिले.